ट्रेलरमधला गॅसवरचा फ्रिज काढून घरगुती फ्रिज बसवला : कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) २०१४ चा, अठ्ठावीस फुटी, फ्रिज त्यातला मूळचाच. आठ घनफुटांचा, गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा. जानेवारीत ॲरिझोनातल्याच क्वार्टझाइटला वाळवंटात राहून आलो तेव्हापासून नीट थंडच होत नाहीये, फ्रीजर कसाबसा शून्यापर्यंत जातो आणि खालचे कप्पे १२-१३ डिग्री (सगळं सेल्सियसमध्येच लिहितेय, इथे अमेरिकेत राहून फॅरनहाइटची सवय झाली तरी हिशोब डोक्यात सेल्सियसमध्येच होतो). दही एका रात्रीत आंबट ढाण, दूध फाटतंय. पण खरी काळजी आईच्या इन्सुलिनची आहे. न उघडलेली पेनं २ ते ८ डिग्रीत ठेवायची असतात आणि आईबाबा जूनपर्यंत इथे आहेत, उन्हाळ्याआधी त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचंच आहे, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

आज बाहेरच्या बाजूची जाळीची झडप उघडली आणि बाबा दोन पावलं मागे सरले. "अगं, अमोनिया आहे हा. बंद कर सगळं आधी." बाबांचा जन्म तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेला, तिथे सगळा प्लँट अमोनियावर, त्यामुळे त्यांचं नाक चुकत नाही. मला जेमतेम काहीतरी उग्र येतंय एवढंच कळत होतं. लगेच दोन्ही सिलिंडरचे कॉक बंद केले, लाईट काढली, खिडक्या उघडल्या.

मग बाबांनी हळद मागितली. हळद पाण्यात कालवून टिश्यू पेपर त्यात बुडवला, निथळवला आणि चिमट्यात धरून मागच्या नळ्यांजवळून हळूहळू फिरवला. वरच्या कॉईलपाशी पिवळाच राहिला, खाली बॉयलरच्या पत्र्याच्या डब्याजवळ आणला तसा कडेकडेने तांबडा व्हायला लागला आणि मिनिटभरात सगळा विटकरी झाला. हळद अल्कलीत लाल होते आणि ओल्या कागदावर अमोनियाची वाफ बसली की तेच होतं. कोल्ड स्टोरेजला लिकेज बघायला गंधकाची कांडी पेटवतात, अमोनिया असला की पांढरा धूर दिसतो, पण इथे शेजारी प्रोपेन आणि त्या नळ्यांत हायड्रोजन, म्हणून बाबा म्हणाले पेटवापेटवी अजिबात नको, हळदच बरी.

बॉयलरच्या खाली पत्र्यावर पिवळी भुकटीही सांडलेली दिसली. ती हळदीची नव्हे :) ते सोडियम क्रोमेट, आतून गंज चढू नये म्हणून घातलेलं असतं आणि ते विषारी आहे, कॅन्सरकारक. हात लावायचा नाही, ग्लोव्हज आणि मास्क घालूनच पुढचं काम. पिवळी भुकटी आणि अमोनियाचा वास दोन्ही एकत्र दिसलं म्हणजे कूलिंग युनिट संपलं, यात दुरुस्ती वगैरे काही नसते.

२ फेब्रुवारी, रविवार

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते, कारण हे समजलं की पुढचे सगळे निर्णय समजतात.

ट्रेलरमधल्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. ॲब्सॉर्प्शन म्हणतात त्याला. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन सीलबंद नळ्यांत भरलेले, खाली बॉयलरला गॅसची छोटी ज्योत किंवा विजेचं एलिमेंट, उष्णतेने अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वर चढतो, थंड होऊन द्रव होतो, फ्रीजरपाशी हायड्रोजनच्या सोबतीत त्याची वाफ होते आणि तिथे थंडावा तयार होतो, मग परत पाण्यात मिसळून खाली येतो. हलणारा भाग एकही नाही, आवाज नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हा शोध लावला आणि १९२५ ला इलेक्ट्रोलक्सने तो विकत घेतला. वीज नसलेल्या ठिकाणी नुसत्या ज्योतीवर बर्फ तयार होतो ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

पण सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं, पंप नाही, त्यामुळे ट्रेलर सपाट उभा पाहिजे. आडव्या दिशेने साधारण तीन डिग्री आणि पुढेमागे सहा डिग्री यापेक्षा कललेला असेल तर द्रव खाली उतरत नाही, बॉयलर कोरडा तापतो, क्रोमेट भाजून त्याचे खडे होतात आणि बारीक नळी बुजते. एकदा दोनदा झालेलं नुकसान भरून निघत नाही, साठत जातं. आमच्या आधीच्या मालकांच्या हातात हा ट्रेलर किती वर्षं कसा उभा होता कोणास ठाऊक. शिवाय बॉयलरच्या नळीला तडा गेला तर हायड्रोजन बाहेर येतो आणि शेजारी ज्योत. २००६ साली अमेरिकेत नऊ लाखांवर असे फ्रिज याच तड्याच्या कारणावरून रिकॉल झाले होते, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. आमच्या फ्रिजचा सिरीयल नंबर रिकॉलच्या सरकारी यादीत तपासला, त्यात नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ऊन. आमच्या फिनिक्सला जूनमध्ये ४० च्या वर जवळजवळ रोजचं, त्या हवेत हा फ्रिज चांगला असतानाही जेमतेम ८-९ डिग्रीवर यायचा. उंचीवरही रड, ५,५०० फुटांच्या वर ज्योत नीट जळत नाही, आणि ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, जवळजवळ ७,००० फुटांवर.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर रोज रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं हाच विषय. पर्याय असे होते.

एक, नवीन ॲब्सॉर्प्शन फ्रिज. दोन हजार डॉलरच्या आसपास आणि तीच सगळी पथ्यं परत. दोन, फक्त मागचं कूलिंग युनिट बदलायचं, इंडियाना राज्यातले अमिश (जुन्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) कारागीर बनवतात ती युनिट्स मूळपेक्षा जाड नळीची असतात आणि लोक फार वाखाणतात. हा पर्याय मला मनापासून आवडला होता, थंड प्रदेशात असते तर तोच घेतला असता. तीन, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, इन्व्हर्टर लागत नाही, थेट बॅटरीवर, चांगला पर्याय पण हजाराच्या वर जातो. चार, साधा घरगुती ११० व्होल्टचा फ्रिज, छोट्या अपार्टमेंटमध्ये असतो तसला, चारपाचशे डॉलर.

चौथा ठरला. कारण असं की बॅटरी आणि सोलर आमच्याकडे आधीच आहे, शंभर-शंभर अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट आणि छपरावर ४०० वॅट. आणि घरगुती फ्रिज उद्या बिघडला तर कुठल्याही गावात दुकानातून दुसरा आणता येतो. एक गोष्ट मात्र माहीत असूनच घेतोय, बहुतेक कंपन्या घरगुती फ्रिज गाडीत बसवला की वॉरंटी देत नाहीत.

"हादऱ्यांनी कॉम्प्रेसर टिकेल का?" हा नवऱ्याचा प्रश्न होता. कॉम्प्रेसर रबरी पायांवर आणि आत स्प्रिंगवर टांगलेला असतो, आणि आता मोठ्या ट्रेलर आणि बसगाड्यांत कारखान्यातूनच घरगुती फ्रिज बसवून येतात, तर त्याची मला भीती नाही. मला काळजी आहे ती फ्रिज बसतो त्या कोनाड्यातल्या हवेची आणि विजेची. फ्रिज आत ढकलायला अर्धा दिवस लागेल, बाकीचं सगळं काम या दोन गोष्टींचं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मापं. कोनाडा रुंदीला २३¾ इंच, उंचीला ६०, खोली मागच्या लाकडी पट्टीपर्यंत २४, तिथून बाहेरच्या भिंतीपर्यंत अजून चारेक इंच.

दहा घनफुटांचा फ्रिज साडेतेवीस इंची मिळतो आणि तो अगदी फिट बसतो, बरेच लोक तोच बसवतात आणि खूष असतात. मी नको म्हटलं. हल्लीच्या छोट्या फ्रिजना मागे काळी जाळी नसते, कंडेन्सरची नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत चिकटवलेली असते, चालू फ्रिजच्या कुशीला हात लावला की गरम लागतं ना, तीच. म्हणजे आतून काढलेली सगळी उष्णता त्या दोन बाजूंनी बाहेर पडायची असते आणि तिथेच लाकूड टेकवून बसवला तर ती जाणार कुठे. कॉम्प्रेसर मग बंदच होत नाही, वीज जास्त खातो आणि आयुष्य कमी होतं.

म्हणून साडेसात घनफुटांचा निवडला, रुंदी २१½, उंची ५६¾. दोन्ही बाजूंना एक इंचाहून थोडी जास्त जागा, वर सव्वातीन. कागदावर जुन्यापेक्षा अर्धा घनफूट कमी. आईने लगेच विचारलं इडलीच्या पिठाचं पातेलं मावेल का, पातेल्याचं माप घेतलं, मावतं.

दाराचं मापही घेतलं, हे आधी बघायलाच हवं. ट्रेलरचं दार २६ इंची पण बिजागरी आणि जाळीचं दार धरून मोकळी जागा २४ च भरते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जुना काढला. नवरा, मी आणि शेजारचे रिटायर्ड इलेक्ट्रिशियन काका (अमेरिकनच आहेत, पण लेक त्यांना पहिल्यापासून काका म्हणते).

क्रम लिहून ठेवते. सिलिंडर बंद, मग शेगडीचा एक बर्नर पेटवून लाईनमधला उरलेला गॅस जाळून टाकला आणि ज्योत विझल्यावर बर्नर बंद. बॅटरीचं मेन स्विच बंद, बाहेरची लाईट काढलेली. मास्क, ग्लोव्हज. पिवळी भुकटी ओल्या फडक्याने टिपून घेतली, झाडायची नाही आणि व्हॅक्यूमही लावायचा नाही कारण उडते. फडकी वेगळ्या पिशवीत सील.

गॅसची तांब्याची नळी फ्रिजपासून सोडवली, दोन पान्यांनी, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं म्हणजे नळी पिळत नाही. टोकाला पितळी फ्लेअर कॅप. फ्लेअर जॉइंटला टेफ्लॉन टेप लावायची नाही, तो धातूवर धातू बसूनच बंद होतो. मग सिलिंडर चालू करून साबणाचं पाणी ब्रशने लावलं आणि पाच मिनिटं टॉर्च मारून बघत बसलो, बुडबुडा नाही. बाबांनी अजून एकदा लावायला लावलं, परत नाही. तेव्हाच पुढे गेलो.

१२ व्होल्टच्या दोन वायरी फ्यूज काढून टोकं बंद करून ठेवल्या, पंख्यांसाठी वापरणार आहे. चार स्क्रू पुढून, दोन मागून, आणि फ्रिज बाहेर. १२० पौंडांच्या आसपास वजन, दारं काढल्यावर दोघांना झेपतं. तो अंगणात सावलीत उभा करून ठेवलाय, आत अजून दाबाखाली अमोनिया असणार त्यामुळे नळी वगैरे कापायचा प्रश्नच नाही, शहराच्या घातक कचऱ्याच्या विभागाला फोन करून तारीख घेतली.

रिकामा कोनाडा बघून खरं तर वाईट वाटलं. वर छपरापर्यंत उघडं भुयार, खाली झडप, कडेला लाकूड काळवंडलेलं आणि सगळीकडे मुंगीएवढ्या कोळ्यांची जाळी. प्रोपेनला वास यावा म्हणून जे मिसळतात त्याच्याकडे कोळी येतात म्हणे, बर्नरच्या नळीतही एक जाळं होतंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

हवेचं काम, पहिला भाग.

जुन्या फ्रिजला खालून बाहेरची हवा आत आणि वर छपरातून बाहेर, अशी चिमणी लागायची. ज्योत जळायची म्हणून तो भाग राहत्या जागेपासून वेगळा ठेवलेला असतो. नवीन फ्रिजला ही चिमणी उपयोगाची नाही, उलट नडते. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर ४५ आणि आत एसीत २६-२७, घरगुती फ्रिज त्या २७ साठी बनवलेला आहे. त्याची पाठ ४५ च्या हवेत आणि तोंड २७ मध्ये, असं कशाला करायचं. त्यात फिनिक्सची धुळीची वादळं, हबूब, ती आली की पिठासारखी माती प्रत्येक फटीतून आत येते.

म्हणून छपराचं भुयार खालून बंद केलं. दीड इंची पॉलीआयसो फोमचे (उष्णता अडवणारा कडक फोम) दोन थर, कडेने फोम आणि वर ॲल्युमिनियमची टेप. छपरावरची टोपी तशीच ठेवली, ती काढून छप्पर पॅच करणं हे वेगळं काम आहे. खालची झडप बिजागरीसकट ठेवली पण तिच्या आतून फोमचा पाट बसवला, पट्टीने अडकवलेला, म्हणजे कधी मागे हात घालायचा झाला तर बाहेरून चार स्क्रूत उघडतो. झडपेच्या जाळीला आतून सिलिकॉन.

कोनाड्याच्या तिन्ही भिंतींनाही इंचभर फोम लावावा असं नवऱ्याचं म्हणणं होतं. बाहेरच्या भिंतीला लावला, बाजूंना नाही. बाजूंची ती इंचभर जागा मी कोणालाही देणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वीज. ही नोंद मोठी होणार.

सोपं वाटतं की बॅटरीला मोठा इन्व्हर्टर लावला आणि सगळ्या ट्रेलरला दिला. त्यात एक फसवी गोष्ट आहे. ट्रेलरमध्ये कन्व्हर्टर असतो, तो ११० व्होल्ट घेऊन बॅटरी चार्ज करतो. सगळा पॅनेल इन्व्हर्टरवर गेला की बॅटरी इन्व्हर्टरला देते, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला देतो आणि कन्व्हर्टर परत बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत थोडी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे फक्त फ्रिजसाठी वेगळा छोटा इन्व्हर्टर, बाकी पॅनेलला हात लावायचा नाही.

१,००० वॅट, प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), आत ट्रान्सफर स्विच असलेला. मॉडिफाइड साइनवाला स्वस्त मिळतो पण त्यावर कॉम्प्रेसरची मोटर गरम होते, घुंई आवाज करते आणि फ्रिजमधली इलेक्ट्रॉनिक पाटी उडायची भीती. फ्रिज चालताना शंभर वॅटच्या आतच खातो, पण सुरू होताना क्षणभर कित्येक पट मागतो, म्हणून १,०००.

जुन्या फ्रिजच्या मागे भिंतीत जो प्लग होता तोच इन्व्हर्टरचा इनपुट. कॅम्पग्राउंडची लाईट असली की ती सरळ फ्रिजला जाते, गेली की इन्व्हर्टर उचलतो, फ्रिजला पत्ताही लागत नाही.

बॅटरीकडून, १२ व्होल्टवर १,००० वॅट म्हणजे ८३ अँपिअर, नुकसान धरून ९५-१००. दोन नंबरची तांब्याची केबल, लांबी चार फुटांच्या आत, १२५ अँपिअरचा क्लास-टी फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लिथियमला साधा फ्यूज नको, शॉर्ट झाला तर ती एका क्षणात हजारो अँपिअर सोडते आणि साध्या फ्यूजमध्ये तो ठिणगीचा प्रवाह तुटतच नाही. काकांनी हायड्रॉलिक क्रिंपर आणला, केबलच्या टोकाचा प्रत्येक लग (धातूची टोपी) त्यात दाबल्यावर ओढून बघितला, टॉर्क रेंचने नट आवळले. त्यांनी अर्थिंगही तपासलं, कॅम्पग्राउंडच्या लाईटवर न्यूट्रल आणि अर्थ ट्रेलरच्या आत कुठेही जोडलेले नसले पाहिजेत आणि इन्व्हर्टरवर असताना ते इन्व्हर्टरच्या आत जोडले गेले पाहिजेत. दोन्ही बरोबर निघालं.

इन्व्हर्टरचा इको मोड बंद. त्यात तो झोपतो आणि मोठा लोड आला तरच उठतो, पण फ्रिजची पाटी नुसती दोन-तीन वॅटवर तापमान बघत बसलेली असते, तेवढ्याने तो उठत नाही. बंद ठेवल्यावर इन्व्हर्टर स्वतः १२ वॅट खातो, दिवसाला तीनशे वॅट-अवरच्या जवळ. लोक फ्रिजचा हिशोब करतात आणि हा सोडून देतात, फ्रिजच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे हा!

१ मार्च, शनिवार

फ्रिज आला. उभाच आणायला सांगितलं होतं आणि उभाच आणला, आडवा केला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं आणि मग दिवसभर उभा ठेवून थांबावं लागतं.

दारं काढली, ट्रेलरचं जाळीचं दार काढलं, पायरीवर प्लायवूडचा उतार, आणि खालून चटई घालून सरकवत आत. अर्ध्या तासात कोनाड्यासमोर उभा.

बसवायची पद्धत महत्त्वाची आहे. बाजूच्या पत्र्याला स्क्रू मारायचा नाही म्हणजे नाही. आत कंडेन्सरची नळी कुठून गेलीय दिसत नाही, भोक पडलं की गॅस गेला आणि फ्रिज फुकट, आणि हल्लीचा गॅस आयसोब्युटेन असतो, पन्नासएक ग्रॅमच पण ज्वलनशील. म्हणून खाली दोन-बाय-चारच्या फळ्यांचा ओटा, त्यावर प्लाय, पुढच्या पायांसाठी प्लायमध्ये गोल खोबणी. मागे कॉम्प्रेसरच्या पाटाला कंपनीचीच बोल्टची भोकं असतात त्यातून पट्टी घेऊन ओट्याला बांधली. वर दाराच्या बिजागरीच्या स्क्रूखाली एल-अँगल घालून तो कोनाड्याच्या चौकटीला. बाजूंना पत्र्याला न टेकणाऱ्या रबरी गादीच्या चार ठोकळ्या, वरखाली, फक्त फार डुचमळला तर अडवायला.

बाबांनी खांद्याने जोर लावून हलवून बघितला. "आता ट्रेलर उलटला तरच हा निघेल."

२ मार्च, रविवार

रात्रभर थांबून सकाळी चालू केला. चार तासांत खालचा कप्पा ४ डिग्री, रात्रीपर्यंत फ्रीजर उणे १८. जुन्याला एवढं गाठायला अख्खा दिवस लागायचा आणि तेही हिवाळ्यात. आईने इन्सुलिनचा डबा आणून मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवला, मागच्या भिंतीला लावून ठेवायचा नाही कारण तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

८ मार्च, शनिवार

हवेचं काम, दुसरा भाग. खाली ओट्याच्या पुढे लाकडी पट्टीत फटी पाडल्या, वर ओटा धरून फ्रिजच्या डोक्यावर उरलेल्या जागेत झडपेसारखी लाकडी जाळी बसवली. खोलीतली हवा खालून आत, दोन्ही कुशींना लागून वर, आणि जाळीतून परत खोलीत. नैसर्गिकपणे थोडीफार फिरतेच, पण वर कॉम्प्युटरमधले १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावले, जुन्या फ्रिजच्या १२ व्होल्टच्या वायरींवर, मधे ३५ डिग्रीला चालू होणारा थर्मोस्टॅट.

फरक मोजला. जाळी बंद करून दोन तास, कोनाड्याच्या वरच्या कोपऱ्यात ४४ डिग्री. जाळी उघडी आणि पंखे चालू, ३३. बाहेर तेव्हा २६ होतं. हा अकरा डिग्रीचा फरक म्हणजेच अख्ख्या कामातलं माझं सर्वांत आवडतं काम.

दाराला लॅच. घरगुती फ्रिजची दारं नुसत्या चुंबकावर असतात, पहिल्या वळणावर उघडून सगळं जमिनीवर. लहान मुलांसाठीचे चिकटणारे लॅच उन्हात सुटतात म्हणून दोन्ही दारांना चौकटीपासून बकलचा पट्टा.

३१ मार्च, सोमवार

शुक्रवारी निघून आज परत. आय-१७ हायवेने फ्लॅगस्टाफ, मग विल्यम्स, तिथून ६४ ने साउथ रिम. मॅदर कॅम्पग्राउंडला राहिलो, तिथे लाईटचं कनेक्शन नाही, मुद्दामच.

ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढचा चढ आणि फ्लॅगस्टाफनंतरचा खराब पॅच, दोन्हीकडे मागे कॅमेऱ्याने बघत होते, काही हललं नाही. पोचल्यावर फ्रिज ४ डिग्री, म्हणजे गाडी चालताना इन्व्हर्टरने नीट सांभाळलं. जुना फ्रिज असता तर पेट्रोल पंपावर आत शिरायच्या आधी उतरून ज्योत बंद करा, हे आलंच असतं.

वॉटमीटरचे आकडे. फ्रिजला दिवसाला साधारण ०.७ युनिट, इन्व्हर्टर आणि नुकसान धरून बॅटरीतून १.१ च्या आसपास. बॅटरी अडीच युनिटांची. मधेच कधी डिफ्रॉस्टचा हीटर लागतो तेव्हा दोनशे वॅटच्या जवळ आकडा जातो, तेव्हा घाबरायचं नाही, थोड्या वेळाने खाली येतो. रात्री बाहेर शून्याखाली, ट्रेलर गरम ठेवणाऱ्या हीटरचा पंखा बॅटरीवरच, त्यामुळे पहाटे बॅटरी ४० टक्क्यांवर यायची आणि दुपारी तीनपर्यंत सोलरने भरून यायची. झाडांची सावली नसलेली जागा मिळाली हे भाग्यच. लिथियम शून्याखाली चार्ज करायची नसते, आमच्या बॅटऱ्या पलंगाखाली आतच आहेत म्हणून चाललं.

रविवारी पाडवा होता. घरून चक्का बांधून नेला होता, आईने तिथेच टेबलावर साखर आणि वेलदोडा घालून श्रीखंड फेटलं, ट्रेलरच्या शिडीला गुढी बांधली, पलीकडच्या तंबूतले लोक येऊन विचारून गेले, त्यांनाही वाटीभर दिलं. चक्का शुक्रवारपासून फ्रिजमध्ये आणि जरासुद्धा आंबला नव्हता.

१२ एप्रिल, शनिवार

आज ३७ डिग्री होतं, मुद्दाम ट्रेलर उन्हात उभा करून एसी न लावता बघितलं. आत ३९ झालं. फ्रिजच्या मागच्या लेबलवर एसटी लिहिलेलं आहे, म्हणजे ३८ पर्यंतच्या खोलीसाठी, त्यामुळे ही जरा वरचढच परीक्षा होती. खालचा कप्पा ५.५ ला टिकला पण कॉम्प्रेसर जवळजवळ थांबलाच नाही आणि पंखे अखंड. म्हणजे जून-जुलैत एसीशिवाय गाडी उभी ठेवून कुठे जायचं असेल तर इन्सुलिन फ्रिजच्या भरवशावर ठेवायचं नाही, थर्मासची पेटी सोबत. हे आईच्या औषधांच्या वहीतही लिहून ठेवलंय.

जुना फ्रिज गेल्या आठवड्यात रीतसर गेला.

राहिलेलं काम, छपरावरची टोपी. आतून बंद केलं असलं तरी ॲरिझोनात १५ जूनपासून मान्सून धरतात आणि इथला पाऊस वाऱ्यासकट आडवा येतो, टोपीच्या कडेचं सीलंट तडकलेलं आहे. टोपी काढून ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली ब्यूटाइल टेप, वर लॅप सीलंट, असं ठरलंय. पत्रा कापून आणलाय, मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन वाढायच्या आत सकाळी सहाला छपरावर चढणार.